घेतलेले आणि न घेतलेले : विहाराच्या विश्वस्ताचे कर्तव्य

गेल्या वर्षावासात अलिबाग तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावी प्रवचनासाठी जाण्याचा आम्हांस योग आला. प्रवचन आटोपले, भोजनदान झाले, आणि मंडळी पांगत असता एका वयोवृद्ध उपासिकेने आम्हांस विचारले, “सर, आमचा विहार नक्की कोणाचा हो?” धम्मविषयक प्रश्नांची सवय असलेल्या आम्हांस हा प्रश्न प्रथम बाळबोध वाटला. विहार संघाचा, विहार समाजाचा, असे ठरीव उत्तर आम्ही दिले. बाईंचे समाधान झाले नाही. मग समितीच्या कार्यवाहांनी जी हकीकत सांगितली ती ऐकल्यावर आमचे उत्तर किती पोकळ होते ते आमच्या ध्यानी आले.

हकीकत अशी. सुमारे ५० वर्षांपूर्वी गावातील एका उपासकाने आपल्या जागेतील काही गुंठे विहारासाठी दिले. दिले ते तोंडी. मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढली, गावकऱ्यांनी श्रमदान केले, चिऱ्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, पुढे स्लॅब पडला. सातबाऱ्यावर मात्र त्या उपासकाचेच नाव राहिले. त्याच्यानंतर मुलांची, आता नातवांची नावे चढली. न्यासाची नोंदणी झालेली होती, पण नोंदीतील ७ विश्वस्तांपैकी ४ जण दिवंगत, एक डोंबिवलीस स्थायिक. नवे विश्वस्त गावाने निवडले, ते धर्मादाय कार्यालयास कोणी कळविले नाही. अशात जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. या किनाऱ्यावरील जमिनींस आधीच चढा भाव होता, तो आणखी चढला. नातवांकडे गिऱ्हाईक आले. नातू वाईट नाहीत; वर्षावासात तेही पंचशील घेण्यास बसतात. परंतु कागद त्यांचा आहे.

प्रस्तुत लेख त्या उपासिकेच्या प्रश्नाचे उत्तर नीट देण्याचा प्रयत्न आहे. विहाराच्या समितीवर निवडून येणे हा आपल्याकडे मान समजला जातो, आणि तो आहेच. पण या मानाबरोबर कोणते काम अंगावर येते याचा विचार क्वचितच होतो. भगवान बुद्धांच्या विनयात या कामाचा विचार अत्यंत बारकाईने केलेला आहे, ही गोष्ट आपल्या विश्वस्तांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. विनय हा भिक्षूंसाठी, त्याचा गृहस्थांच्या समितीशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. नियम भिक्षूंचे आहेत हे खरे. तथापि अनेकांनी दिलेले दान थोड्यांच्या हाती राहिले म्हणजे जे घडते, ते चीवर धारण करणाऱ्यांत आणि न करणाऱ्यांत सारखेच घडते.

महावग्गातील चीवरक्खन्धक उघडून पाहावे. लोक चीवरे घेऊन आरामात येत. ती स्वीकारणारा कोणी नसे, म्हणून परत नेत. यास्तव चीवर स्वीकारणारा नेमण्याची अनुज्ञा झाली. स्वीकारणाऱ्यांनी ती घेतली, पण ठेवली नाहीत. चीवरे नष्ट झाली. म्हणून नीट ठेवणारा नेमला. ठेवणाऱ्याने ती मंडपात, झाडाच्या ढोलीत, जागा मिळेल तेथे ठेवली. उंदरांनी व वाळवीने खाल्ली. म्हणून भांडारगृह ठरविले. भांडारगृहाला राखणारा नव्हता, म्हणून भांडागारिक नेमला. भांडार भरले, म्हणून वाटप करणारा नेमला. कोणीतरी बसून एका दमात घटना लिहिली असा हा प्रकार नाही. प्रत्येक पद एका नुकसानीतून जन्मले आहे. आमच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांची या प्रकरणावर विशेष भक्ती होती. ‘वाळवीने घडविलेला विनय’ असे ते त्यास विनोदाने म्हणत.

नेमणुकीची रीतही पाहण्याजोगी आहे. ज्याला नेमावयाचे त्याला प्रथम विचारावे लागे. त्याने होकार दिल्यावर संघापुढे ज्ञप्ती मांडावयाची, मग एकदा अनुश्रावण करावयाचे, आणि कोणी हरकत न घेतल्यास संघ मौनाने संमती देई. आपल्याकडे बहुधा उलटे चालते. सभेत नावे पुकारली जातात, टाळ्या होतात, आणि ज्याचे नाव घेतले तो पनवेलला नोकरीवर असतो. त्याची सही मागाहून घरी जाऊन घेतात. विचारल्याविना नेमलेला मनुष्य विचारल्याविनाच गैरहजर राहतो, यात नवल ते काय?

या सर्व पदांसाठी पाच गुण सांगितले आहेत. पहिले चार सर्वत्र समान : छंद, द्वेष, मोह आणि भय या चार अगतींनी न जाणारा असा तो असावा. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला उपदेश करतानाही भगवंतांनी हेच चार मार्ग वर्ज्य सांगितले आहेत, म्हणून ते आपल्या वाचकांस परिचित असतील. छंद म्हणजे आवड, पक्षपात. कोकणात त्याचे प्रचलित नाव भावकी. द्वेष म्हणजे जुने वैर. विहाराच्या सभेत बांधाच्या भांडणाचा सूड उगविला जातो, तो हा. भय म्हणजे गावातल्या वजनदार माणसापुढे अथवा मुंबईहून मोठी देणगी आणणाऱ्यापुढे तोंड न उघडणे. आणि मोह? मोहाचा अर्थ आपण फार तात्त्विक करतो. विश्वस्ताच्या बाबतीत मोह म्हणजे न वाचता सही करणे. आमच्या अनुभवात विहारांची जी हानी झाली, तिच्यापैकी थोडी लबाडीने झाली आणि पुष्कळशी या मोहाने.

पाचवा गुण मात्र पदागणिक बदलतो, आणि आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म येथेच आहे. चीवर स्वीकारणाऱ्याने ‘गहितागहित’ जाणावे, म्हणजे काय घेतले व काय घेतले नाही ते. ठेवणाऱ्याने काय ठेवले, काय ठेवले नाही ते जाणावे. भांडागारिकाने ‘गुत्तागुत्त’, अर्थात काय राखलेले आहे आणि काय उघड्यावर आहे ते. वाटणाऱ्याने काय वाटले, काय राहिले ते. सद्‌गुणांच्या यादीत हिशेबाला स्थान देणारा हा विनय! केवळ निःस्पृह असणे पुरेसे धरलेले नाही. निःस्पृह मनुष्य जर काय आले आणि काय गेले हे सांगू शकत नसेल तर तो त्या पदास पात्र नाही. आपल्याकडे एखाद्या कोषाध्यक्षाविषयी “माणूस देव आहे, पण वही ठेवत नाही” असे कौतुकाने म्हणतात. विनयाच्या कसोटीवर अशा माणसाचे चार गुण भरतील, पाचवा भरणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू : विहार कोणाचा? चुल्लवग्गातील सेनासनक्खन्धकात दोन प्रसंग लागोपाठ आले आहेत. एका गावाजवळच्या आवासातील निवासी भिक्षू येणाऱ्या-जाणाऱ्या भिक्षूंसाठी शयनासनाची व्यवस्था करून थकले. त्यांनी युक्ती काढली की संघाचे सारे शयनासन एकाच्या नावे देऊन टाकावे, म्हणजे आपणांस ते वापरता येईल आणि पाहुण्यांची कटकट राहणार नाही. दुसरा प्रसंग कीटागिरीचा. तेथील अस्सजि व पुनब्बसु यांच्या पक्षाच्या भिक्षूंनी (पंचवर्गीयांतील अस्सजि हा नव्हे) सारिपुत्त व मोग्गल्लान येत आहेत असे कळताच संघाचे शयनासन आपापसांत वाटून घेतले, जेणेकरून आलेल्यांना द्यावयास काही उरू नये. या दोन प्रसंगांवरून पाच वर्गांतील वस्तू अदेय व अविभाज्य ठरल्या. आराम व आरामाची जागा. विहार व विहाराची जागा. मंचक, पीठ, गादी, उशी. धातूची भांडी व कुऱ्हाड-कुदळीसारखी हत्यारे. आणि वेल, बांबू, गवत, माती, लाकडी व मातीचे सामान. या वस्तू व्यक्तीने, गटाने, फार काय खुद्द संघानेही कोणास देऊ नयेत. दिल्या तरी त्या दिल्या गेल्या असे होत नाही, आणि देणाऱ्यास थुल्लच्चय दोष लागतो.

येथे थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. एकमताचा ठरावही ज्या गोष्टीस पुरा पडत नाही, अशी ही मालमत्ता आहे. कारण संघ म्हणजे आज हजर असलेले भिक्षू नव्हेत. तो चातुर्दिश, चारी दिशांचा, आलेला आणि अजून न आलेला. न आलेल्यांचा हिस्सा हजर असलेले मोडू शकत नाहीत. विश्वस्त हा या न आलेल्यांचा प्रतिनिधी होय. गावचे सारे लोक आज सभेत हात वर करून ‘विका’ म्हणाले, तरी ज्यांचा जन्म व्हावयाचा आहे त्यांचा हात वर आलेला नसतो.

आपला प्रचलित कायदा याच दिशेने जातो. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, त्याच्या कलम ३६ अन्वये न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विकता, अदलाबदल करता वा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन १० वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देण्यासही हीच अट आहे. न्यासासाठी कर्ज काढण्यास पूर्वमंजुरी लागते. आणि विश्वस्ताने न्यासाच्या मालमत्तेतून स्वतःसाठी कर्ज काढणे तर निषिद्धच आहे. ‘सार्वजनिक न्यास’ या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक आहे की सार्वजनिक उपासनेचे कोणतेही स्थान तीत येते. लेखी न्यासपत्र नाही म्हणून न्यास नाही असे होत नाही. नोंदणीचा अर्ज करणे हे विश्वस्तावरच कलम १८ ने टाकलेले कर्तव्य आहे. आमची नोंदणी नाही म्हणून आम्हांस कायदा लागू नाही, असा जो समज गावोगाव आढळतो तो अगदी चुकीचा आहे.

परंतु कायदा जी मालमत्ता राखतो ती नोंदीतील मालमत्ता. नातवांच्या नावचा सातबारा हा त्यांच्या बाजूचा पुरावा. आणि ५० वर्षांची वहिवाट, वर्गणीच्या पावत्या, घरपट्टी, वीजबिल, साक्षीदार हे सर्व गोळा करून विहाराचा हक्क सिद्ध करावयाचा तर वकिलाची पायरी चढावी लागते. त्यात आपल्या वस्त्यांच्या जमिनींचे एक निराळे त्रांगडे आहे. कित्येक ठिकाणी विहाराची जागा जुन्या महार वतनापैकी असते. १९५८ च्या कनिष्ठ गावनोकर वतन निर्मूलनाच्या कायद्याने वतने नष्ट झाली व जमिनी पुन्हा देण्यात आल्या. पण त्या नव्या अविभाज्य शर्तीवर, म्हणजे आजच्या भाषेत भोगवटादार वर्ग २. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित होत नाही. दात्याचे मन कितीही मोठे असो, त्याने स्टँपपेपरवर दिलेले दानपत्र तेथे अपुरे पडते. म्हणून दान स्वीकारणाऱ्या विश्वस्ताचे पहिले काम हार-शाल घेऊन दात्याकडे जाणे नसून सातबारा व फेरफार काढून जमिनीचा वर्ग पाहणे हे आहे. ‘गहितागहित’ याचा अर्थ येथे अगदी शब्दशः घ्यावा : जमीन घेतली असे आपण समजतो, आणि कागदावर ती घेतलेली नसते.

हे वाचून कोणास वाटेल की आम्ही श्रद्धेच्या ठिकाणी कागदपत्रांना बसवीत आहोत. अशांना आम्ही राजपुरीच्या खाडीकाठी मांदाडजवळ कुडा येथे जाण्याचा आग्रह करू. मिळून २६ लेणी, आणि त्यांतील लेख म्हणजे दानाची नोंदवहीच. वैद्याने दिलेले लेणे, माळ्याने दिलेले, लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिलेले. पदुमनिका नावाची प्रव्रजिता आपल्या अंतेवासिनींसह लेणे व पाण्याची पोढी दान करते, आणि तिची आई व तिचे थेर मामा यांचीही नावे कोरली जातात. या दात्यांपैकी कोणाच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरी कोणी काय दिले हे दगडात लिहून ठेवण्यास त्यांस संकोच वाटला नाही. आमच्या समित्यांवर स्त्रिया अजूनही नावापुरत्याच असतात, हे पदुमनिकेच्या लेखासमोर उभे असता विशेष खुपते. वर्षावासात विहार चालतो तो उपासिकांच्या बळावर, आणि हिशेबाच्या सभेला त्यांना चहा करण्यासाठी बोलावतात.

याहून तपशीलवार उदाहरण नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने १० व्या क्रमांकाचे लेणे चातुर्दिश संघास दिले आणि सोबत ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मूळ धन अक्षय ठेवून व्याज वापरावयाचे असा ठेवा. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली : २००० एका श्रेणीत दरमहा शेकडा १ या दराने, १००० दुसऱ्या श्रेणीत दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. वाचकांनी गणित करून पाहावे. २००० वर दरमहा २०, वर्षाचे २४०. आणि २० भिक्षूंस १२ प्रमाणे २४०. एक कार्षापण उरत नाही, एक कमी पडत नाही. दुसऱ्या रकमेचे वर्षाचे ९० ‘कुशाणमूल’ या खर्चासाठी. त्या शब्दाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, व्याज तेवढे भोगावयाचे, असे लेखात स्पष्ट आहे. शिवाय हे सर्व निगमसभेत ऐकविले गेले व रीतीप्रमाणे फलकावर नोंदले गेले, असेही लिहिले आहे. त्याच दानलेखात ८००० नारळीच्या रोपांचाही उल्लेख असल्याने आमच्या अष्टागरातील मित्रांना हा लेख फार आवडतो.

दान कशासाठी दिले, हेतू कोणता, खर्च किती, मुद्दल कोठे, नोंद कोणापुढे झाली : सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या या लेखात जे आहे, ते आजच्या किती विहारांच्या वहीत सापडेल? बुद्धमूर्तीसाठी जमलेल्या पैशातून मे महिन्यात संयुक्त जयंतीचा मंडप होतो, जयंतीच्या उरलेल्या पैशातून क्रिकेटचे सामने. पैसा कोणी खाल्लेला नसतो, पण दात्याचा हेतू मोडलेला असतो. याविषयीही विनयात नेमका नियम आहे, आणि तो भिक्षुणींच्या निस्सग्गियांत आला आहे. उपासकांनी भिक्षुणीसंघाच्या चीवरासाठी वर्गणी करून एका कापडविक्याच्या घरी ठेविली होती. भिक्षुणींनी तिच्यातून औषधे आणविली. उपासकांनी तक्रार केली. औषध ही काही चैनीची वस्तू नव्हे, तरीही एका कारणासाठी दिलेले दुसऱ्या कारणाकडे वळविणे दोषास्पद ठरले. (त्या वर्गणीस पालीत ‘छंदक’ म्हणतात. आपला ‘चंदा’ फारसीतून आला आहे. ध्वनिसाम्याने फसू नये.)

सभेविषयी आता थोडे. वारंवार एकत्र जमावे, एकदिलाने जमावे व एकदिलाने उठावे, हे महापरिनिब्बान सुत्तातील अपरिहानीय धर्म सर्वांस पाठ आहेत. पाचित्तियांतील तीन नियम मात्र कमी परिचित आहेत, आणि समितीच्या सभासदाने ते ध्यानी ठेवावेत. धर्मानुसार होणाऱ्या कर्मास संमती देऊन मागाहून कुरकुर करणे, हा एक दोष. संघात निर्णयाची चर्चा चालू असता संमती न देताच उठून जाणे, हा दुसरा. आणि समग्र संघासह चीवर देऊन झाल्यावर ‘ओळखीच्याला दिले’ असे म्हणत फिरणे, हा तिसरा. सभेत मौन आणि पारावर भाषण, ही सवय किती जुनी आहे ते यावरून दिसते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी भिक्षुसंघाला संसदीय कार्यपद्धती ठाऊक होती हे सांगताना आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी यांचा उल्लेख केला होता. आपल्या विहारांच्या किती सभांत गणसंख्या मोजली जाते?

कोकणात या बाबतीत एक खास अडचण आहे. गावचे एक मंडळ आणि मुंबईचे एक. पैसा बहुतांशी मुंबईहून येतो, विहार गावात असतो. मुंबईकरांस वाटते की आम्ही देतो, तेव्हा निर्णय आमचा. गावकऱ्यांस वाटते की झाडतो-राखतो आम्ही. विश्वस्त दोन्हीकडचे असणे इष्ट आहे, पण खाते एक, वही एक आणि इतिवृत्त एक असले पाहिजे.

विनयात अधिकाऱ्याचे जसे कर्तव्य सांगितले तसे त्याचे रक्षणही सांगितले आहे, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. कारण आपल्या समाजात हिशेब मागण्यापेक्षा आरोप करणे सोपे झाले आहे. राजगृही दब्ब मल्लपुत्त हा शयनासन लावून देण्याचे व भोजनाची नियुक्ती करण्याचे काम पाही. मेत्तिय व भुम्मजक यांच्या पक्षाच्या भिक्षूंना एका गृहस्थाकडे हलके अन्न मिळाले. दोष त्या गृहस्थाच्या नावडीचा, पण त्यांनी संशय घेतला दब्बाचा, आणि पुढे त्याच्यावर अत्यंत गलिच्छ असा खोटा आरोप रचला. संघाने चौकशी केली, आरोप खोटा ठरला, आणि दब्बाला सतिविनय देऊन त्याची निर्दोषता विधिपूर्वक जाहीर करण्यात आली. आरोप आला की चौकशी सभेत व्हावी आणि मनुष्य निर्दोष निघाल्यास तसे इतिवृत्तात लिहावे, हा याचा अर्थ. छब्बग्गिय भिक्षू भांडागारिकाला त्याच्या जागेवरून उठवीत, म्हणून त्याला उठवू नये असाही नियम करावा लागला. पावती मागणारा कोषाध्यक्ष पुढच्या निवडणुकीत प्रथम का पडतो, याचा विचार वाचकांनी करावा.

रायगड जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हांस नोंदीचे महत्त्व दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नाही. महाडने ते शिकविले आहे. बोले ठरावानुसार महाड नगरपालिकेने १९२४ साली आपला तलाव सर्वांस खुला केला, पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून तो अंमलात आणला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने तोच ठराव मागे घेतला. १२ डिसेंबरला दिवाणी दावा दाखल झाला, आणि दाव्यात कळीचा मुद्दा कोणता? तळे खासगी की सार्वजनिक. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत दहा वर्षे हा प्रश्न झुंजविला गेला. सार्वजनिक मालमत्तेला खासगी म्हणणारे लोक आपणांस पाण्यापासून दूर ठेवीत होते. आज आपल्याच विहाराची जागा खासगी ठरण्याची पाळी आपल्याच गाफीलपणाने येते, ही गोष्ट आम्हांस मोठी लाजिरवाणी वाटते. बोधगयेच्या १९४९ च्या कायद्याने व्यवस्थापन समितीत ४ बौद्ध व ४ हिंदू सभासद ठेवले. महाविहाराचे संपूर्ण व्यवस्थापन बौद्धांकडे द्यावे ही मागणी न्याय्यच आहे व ती आम्हीही करतो. त्या मागणीच्या मोर्चाला गेलेल्या समितीचा स्वतःच्या विहाराचा हिशेब मात्र लेखापरीक्षित असावा.

तसेच दादरच्या आंबेडकर भवनाचे. २५ जून २०१६ च्या पहाटे ती वास्तू व बुद्धभूषण छापखाना पाडला गेला, त्याचे दुःख अजून ओसरलेले नाही. इमारत मोडकळीस आली होती, नवी बांधावयाची होती, असे न्यासाच्या बाजूने सांगण्यात आले. त्या वादाची न्यायालयीन बाजू मांडण्याचे हे स्थळ नव्हे. जुलैत रस्त्यावर आलेले हजारो लोक एवढेच विचारीत होते की आम्हांस कोणी विचारले? विश्वस्ताला कागदोपत्री अधिकार असला तरी ज्यांच्यासाठी तो न्यास सांभाळतो त्यांना सांगून, ऐकून पाऊल टाकावे लागते. कायद्याने केवळ किमान मर्यादा आखलेली असते.

किमान म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगतो. विश्वस्त बदलला, दिवंगत झाला, मालमत्तेत भर पडली, की ९० दिवसांच्या आत कलम २२ खाली बदल अर्ज द्यावयाचा. रायगडसाठी हे कार्यालय अलिबागेस आहे. ३१ मार्चला हिशेब मिटवून लेखापरीक्षण करवून घ्यावयाचे. लहान न्यासांस काही सवलती आहेत, त्यांची चौकशी तेथेच करावी. रक्कम बँकेत न्यासाच्या नावे, एकट्याच्या सहीने नव्हे. जंगम व स्थावर मालमत्तेची नोंदवही. हिशेब व अहवाल देण्यात सतत कसूर करणाऱ्या किंवा गैरव्यवहार करणाऱ्या विश्वस्तास कलम ४१ ड खाली निलंबित वा दूर करता येते, एवढे सर्वांनी ध्यानी ठेवलेले बरे.

आणि कागद कोठे ठेवावेत? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, अलिबाग या पट्ट्यात किती छपरे उडाली ते सर्वांनी पाहिले. जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले. विहाराच्या लाकडी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवलेली वही अशा वेळी उरत नाही. सर्व कागदांच्या दोन प्रती कराव्यात, एक गावात उंच ठिकाणी व एक मुंबईत ठेवावी, आणि फोनमधील छायाचित्रावर सर्वस्वी विसंबू नये. चीवरे ढोलीत ठेवणाऱ्या भिक्षूंना आपण हसतो खरे!

ज्या गावापासून लेखास आरंभ केला तेथे आम्ही माघ महिन्यात पुन्हा गेलो होतो. बदल अर्ज दाखल झाला आहे. नातवांपैकी दोघे जागा न्यासाच्या नावे करून देण्यास राजी आहेत, तिसरा अद्याप नाही; जमिनीचा वर्ग तपासण्यासाठी तलाठी कार्यालयातून जुने फेरफार मागविले आहेत. वहिवाटीचा पुरावा गोळा करण्यासाठी घरोघरी जुन्या पावत्या शोधण्याचे काम तरुणांनी घेतले. पहिली पावती निघाली ती त्या प्रश्न विचारणाऱ्या उपासिकेच्या पत्र्याच्या ट्रंकेतून, ११ रुपयांची, तिच्या दिवंगत यजमानांच्या नावे. तारीख वाचता येते. खालची सही कोणाची हे समितीत कोणासही ओळखता आले नाही. बाईंनी नाव सांगितले, आणि कार्यवाहांनी ते नव्या वहीत लिहून घेतले.